गरिबांचे हकीम : अबू बकर अर-राझी



आज घरी गेल्यावर एक लहानसे काम करा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्या दंडावरची खूण पाहा. बहुतेकांच्या दंडावर एक-दोन गोल, खोलगट वण दिसतील. ते देवी काढल्याचे वण होत. तुमच्या स्वतःच्या डाव्या दंडावरही एक बारीक खूण असेल, पण ती क्षयाच्या लशीची. दोन्ही खुणा वरवर सारख्या दिसतात, पण त्यांचा अर्थ वेगळा. आजीला विचारलेत तर ती सांगेल की, तिच्या लहानपणी चेहराभर व्रण असलेली, देवीत डोळा गमावलेली माणसे सर्रास दिसत असत. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याची घोषणा मे १९८० मध्ये झाली.

रोग हटवायचा तर आधी तो ओळखता आला पाहिजे. मुलाला ताप भरतो, डोळे लाल होतात, अंगावर पुरळ उठते. ही देवी की गोवर? आज हा प्रश्न कोणाला पडत नाही. परंतु अकराशे वर्षांपूर्वी हा जीवन-मरणाचा प्रश्न होता, आणि त्याचे स्पष्ट, सविस्तर उत्तर लिहून ठेवणारा एक हकीम इराणच्या रय शहरात होऊन गेला. त्याचे नाव अबू बकर मुहम्मद इब्न झकरिया अर-राझी. युरोपने त्यांना राझेस या नावाने ओळखले. त्यांचे चरित्र केवळ अभिमान वाटावा म्हणून वाचायचे नाही. आपल्या मुलाबाळांच्या प्रकृतीसाठी त्यातून आजही काही घेण्यासारखे आहे, म्हणून ते वाचायचे.

राझींचा जन्म हिजरी सन २५१ मध्ये, म्हणजे इ.स. ८६५ मध्ये झाला. रय हे त्या काळचे मोठे व्यापारी शहर होते. आज ते तेहरानच्या दक्षिण भागात सामावून गेले आहे. रयचा रहिवासी तो राझी, यावरून त्यांचे नाव पडले. तरुणपणी त्यांना संगीताची आवड होती असे जुने चरित्रकार सांगतात. तत्त्वज्ञान आणि किमया यांचाही त्यांनी अभ्यास केला. किमया म्हणजे त्या काळचे रसायनशास्त्र. भट्टीजवळ बसून पदार्थ तापवणे, गाळणे, त्यांचा अर्क काढणे यांत त्यांची अनेक वर्षे गेली. थोर विद्वान अल-बिरूनी यांनी राझींचे चरित्र आणि त्यांच्या ग्रंथांची यादी लिहून ठेवली आहे. या भट्टीच्या कामाने राझींच्या डोळ्यांना इजा झाली आणि त्या निमित्ताने ते वैद्यकाकडे वळले, असे बिरूनी नोंदवतात. तेव्हा त्यांची तिशी उलटलेली होती, असेही जुने चरित्रकार सांगतात.

विद्यार्थी मित्रहो, एखाद्या परीक्षेत मागे पडलात म्हणून सर्व काही संपले असे ज्यांना वाटते, त्यांनी हे लक्षात ठेवावे. जगातील एका थोर वैद्याने वैद्यकाचा श्रीगणेशा उशिरा केला होता. भट्टीजवळची वर्षेही वाया गेली नाहीत. पदार्थ हातात घेऊन पाहण्याची, तपासण्याची जी सवय तेथे लागली तीच पुढे रुग्णाच्या खाटेजवळ उपयोगी पडली.

राझी प्रथम रय येथील आणि नंतर बगदाद येथील रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्या काळच्या रुग्णालयाला बीमारिस्तान म्हणत. तेथे उपचार आणि शिक्षण दोन्ही चालत असे. राझी शिकवीत कसे, याचे वर्णन बगदादचे ग्रंथसूचीकार इब्न नदीम यांनी केले आहे. मध्ये राझी, भोवती त्यांचे शिष्य, त्यांच्यामागे शिष्यांचे शिष्य, अशी वर्तुळे बसत. रुग्ण आला की त्याची हकीगत प्रथम बाहेरच्या वर्तुळातील नवशिके ऐकत. त्यांना उलगडा झाला नाही तर तो आतल्या वर्तुळाकडे जाई, आणि सर्वांचे हात टेकले म्हणजे राझी स्वतः बोलत. आजच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन वॉर्डातून फिरतात, त्या पद्धतीशी याचे साम्य सहज लक्षात येईल. राझी स्वभावाने उदार होते. गरीब रुग्णांची ते आस्थेने शुश्रूषा करीत आणि त्यांना पैशाचीही मदत करीत, असे इब्न नदीम सांगतात. ते सतत काही ना काही लिहीत असत, हेही त्यांनी आवर्जून नोंदवले आहे.

आता त्यांच्या सर्वात प्रसिद्ध ग्रंथाकडे वळू. देवी आणि गोवर यांवरील त्यांचे पुस्तक लहानसे, चौदा प्रकरणांचे आहे. या रोगांचा उल्लेख आधीच्या काही हकीमांनीही केला होता. परंतु दोहोंची लक्षणे शेजारी शेजारी मांडून फरक दाखवण्याचे काम राझींनी केले. देवी येण्यापूर्वी ताप सतत राहतो, पाठ दुखते, नाक खाजते आणि रुग्ण झोपेत दचकतो, असे त्यांनी लिहिले. पाठदुखी हे देवीचे मोठे लक्षण. गोवरात मात्र घाबरेपणा, मळमळ आणि बेचैनी अधिक. कोणत्या प्रकारचे फोड बरे होतात आणि कोणते जिवावर बेततात, हेही त्यांनी सांगितले. डोळ्यांची त्यांना फार काळजी. देवीची लक्षणे दिसू लागताच डोळ्यांत अधूनमधून गुलाबपाणी सोडावे आणि चेहरा दिवसातून अनेकदा थंड पाण्याने धुवावा, अशी त्यांची सूचना होती. गुलाबपाण्याने देवी आवरत नव्हती. परंतु मुलाचा जीव वाचला तरी दृष्टी जाऊ शकते, हे ज्याने पुष्कळ रुग्ण पाहिले त्यालाच सुचते. हे पुस्तक लॅटिन, ग्रीक, इंग्रजी अशा भाषांत गेले. १८४८ साली, म्हणजे ते लिहिले गेल्यावर सुमारे साडेनऊशे वर्षांनी, त्याचे इंग्रजी भाषांतर लंडनच्या एका वैद्यकीय संस्थेने छापले.

ग्रीक वैद्य जालिनूस, ज्यांना इंग्रजीत गॅलन म्हणतात, हे त्या काळी वैद्यकातील अखेरचा शब्द मानले जात. राझी त्यांना गुरुस्थानी मानत. तरीही त्यांच्या मतांवर शंका उपस्थित करणारा एक स्वतंत्र ग्रंथ राझींनी लिहिला. जालिनूसने तापाचा जो क्रम सांगितला होता, तो बगदाद आणि रयच्या रुग्णालयांतील अनेक रुग्णांच्या बाबतीत जुळत नाही, हे त्यांना दिसले होते. गुरूविषयी आदर ठेवूनही त्याचे म्हणणे पारखून घेता येते, हे त्यांनी कृतीने दाखवले.

पारखण्याची त्यांची रीत कशी होती? सरसाम, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा आजार, त्याची पूर्वचिन्हे दिसू लागली की रक्त काढावे असा प्रघात होता. राझींनी अशा रुग्णांचे दोन गट केले. एका गटाचे रक्त काढले, दुसऱ्याचे जाणूनबुजून काढले नाही, आणि काय होते ते पाहिले. त्यांच्या नोंदीप्रमाणे पहिला गट वाचला आणि दुसऱ्या गटाला सरसाम झाला. वाचकहो, येथे जरा थांबा. राझींचा निष्कर्ष आज टिकत नाही. रक्त काढून हा आजार टळत नाही, हे आता आपल्याला माहीत आहे. मग त्यांचे चुकले कोठे? रुग्ण किती होते, दोन्ही गटांतील रुग्ण सारखेच आजारी होते काय, कोणाला कोणत्या गटात घालायचे हे कसे ठरले, या गोष्टींवर त्या काळी नियंत्रण नव्हते. आज नवे औषध किंवा लस तपासताना कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवतात. अनेकदा कोणाला खरे औषध मिळाले हे रुग्णालाही कळू देत नाहीत आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. म्हणजे मनाचा कल निकालात शिरत नाही. तथापि मूळ प्रश्न राझींचाच आहे : उपचार दिला तर काय होते आणि दिला नाही तर काय होते? हा दुसरा प्रश्न आपण सहसा विचारतच नाही. अमक्याने अमुक काढा घेतला आणि तो बरा झाला, एवढ्यावर आपले समाधान होते. काढा न घेताही तो बरा झाला असता काय, हे कोणी पाहिलेले नसते.

राझींच्या थोरवीची दुसरी खूण म्हणजे स्वतःच्या चुकांची नोंद. अब्दुल्ला इब्न सवादा नावाच्या रुग्णाला थंडी वाजून वारंवार ताप येई, पण तापाच्या पाळीत मेळ नव्हता. लघवीलाही त्याला पुन्हा पुन्हा जावे लागे. हा पाळीचा ताप असावा किंवा मूत्रपिंडात गळू असावे, असे राझींना वाटले, पण ठाम निदान होईना. पुढे लघवीतून पू गेला आणि मूत्रपिंडाचा विकार स्पष्ट झाला. उभे राहिल्यावर कंबरेत जडपणा वाटतो काय, हे आपण रुग्णाला विचारावयास हवे होते, ते राहून गेले, अशी कबुली राझींनी लिहून ठेवली. सरदार-दरबारात मान असलेला हा हकीम. त्याला ही चूक सहज लपवता आली असती. परंतु पुढच्या हकीमाने तो प्रश्न विचारावा, यासाठी त्याने ती कागदावर ठेवली.

रयचा सुभेदार मन्सूर इब्न इसहाक याच्यासाठी राझींनी इ.स. ९०३ च्या सुमारास ‘अल-मन्सूरी’ हा दहा भागांचा ग्रंथ लिहिला. बाराव्या शतकात स्पेनमधील तोलेदो येथे त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि डोक्यापासून पायापर्यंतच्या रोगांवरील त्याचा नववा भाग युरोपातील विद्यापीठांत सोळाव्या शतकापर्यंत शिकवला जात होता. याच ग्रंथात भोंदू वैद्यांच्या हातचलाखीचे वर्णन आहे. कोणी फेफऱ्याच्या रुग्णाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला चीर देतो आणि आधीच हातात लपवलेली वस्तू त्यातून काढल्याचे भासवतो. कोणी नाकातून पाल काढून दाखवतो, कोणी दाताच्या मुळातून किडे. कानातून पाणी शोषून काढल्याचे दाखवणाऱ्याने ते पाणी नळीतून स्वतःच्या तोंडाने सोडलेले असते. कानातून, दातातून किडे काढणारे आपल्याकडच्या जत्रांतूनही अनेकांनी पाहिले असतील. अकराशे वर्षांत युक्त्या फारशा बदलल्या नाहीत!

परंतु राझींनी केवळ भोंदूंना नावे ठेवली नाहीत. चांगले हकीम सोडून लोक भोंदूंकडे का जातात, यावर त्यांनी स्वतंत्र लेखन केले. निष्णात वैद्यालाही प्रत्येक रोग बरा करता येत नाही, या विषयावरही लिहिले. त्यांच्या मनात लोकांविषयी तुच्छता नव्हती. हकीम दूर असतो, महाग असतो, आणि आजार वाट पाहत नाही, हे ते जाणून होते. म्हणूनच त्यांनी ‘मन ला यहदुरुहु-त्-तबीब’ हा ग्रंथ लिहिला. ज्याच्याजवळ हकीम नाही त्याच्यासाठी, असा या नावाचा अर्थ. ‘तिब्ब अल-फुकरा’, म्हणजे गरिबांचे वैद्यक, या नावानेही तो ओळखला जाई. प्रवासी, गरीब, सर्वसाधारण गृहस्थ यांना समजेल अशा रीतीने नेहमीचे आजार आणि स्वयंपाकघरात किंवा बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंचे उपाय त्यात दिले होते. लहान मुलांच्या आजारांवरही त्यांची वेगळी पुस्तिका आहे. बड्या हकीमाचे ज्ञान बाजारातल्या माणसाच्या हाती द्यावे, ही कल्पना त्या काळात साधी नव्हती. आज विद्यापीठांतील डॉक्टर सभेत किंवा वर्तमानपत्रात सोप्या भाषेत रोगांची माहिती देतात. हे काम राझींनी फार पूर्वी हाती घेतले होते.

एवढे लिहिण्याची किंमत त्यांनी चुकवली. आपल्या जीवनक्रमाविषयी लिहिताना ते सांगतात की, एका वर्षात त्यांनी बारीक अक्षरात वीस हजारांहून अधिक पाने लिहिली, आणि एका मोठ्या ग्रंथासाठी पंधरा वर्षे रात्रंदिवस कष्ट घेतले. त्यात दृष्टी अधू झाली, हाताचे स्नायू दुखावले, तेव्हा ते दुसऱ्यांकडून वाचून आणि लिहून घेऊ लागले. अखेरीस त्यांची दृष्टी गेली. हिजरी ३१३, म्हणजे इ.स. ९२५ मध्ये, रय येथेच त्यांचे निधन झाले. बिरूनी यांनी त्यांच्या १८४ लहानमोठ्या लेखनकृतींची यादी दिली आहे. तत्त्वज्ञान आणि धर्म यांविषयीच्या त्यांच्या काही मतांवर कडाक्याचे वाद झाले. त्यांचे वैद्यक मात्र त्यांच्या विरोधकांनीही नाकारले नाही.

मागे राहिल्या त्यांच्या टिपणांच्या चोपड्या. त्या त्यांच्या बहिणीकडे होत्या. इब्न अमीद नावाच्या विद्याप्रेमी वजिराने त्या तिच्याकडून मिळवल्या आणि राझींच्या शिष्यांनी त्या लावून ‘अल-हावी’ हा प्रचंड ग्रंथ तयार झाला. त्यात ग्रीक आणि अरबी वैद्यांबरोबर आपल्या चरक-सुश्रुतांची मतेही येतात. प्रत्येक मत ज्याचे त्याच्या नावावर, आणि शेवटी राझींचा स्वतःचा अनुभव. १२७९ साली फरज बिन सालिम या ज्यू वैद्याने सिसिलीच्या राजदरबारासाठी त्याचे लॅटिन भाषांतर पूर्ण केले आणि १४८६ मध्ये ते इटलीत छापले गेले. मूळ अरबी ग्रंथाचे २३ खंड मात्र आपल्या देशात प्रसिद्ध झाले, हैदराबादच्या दायरतुल मआरिफ या संस्थेतर्फे, १९५५ पासून पुढे. त्या वर्षी मराठवाडा अद्याप हैदराबाद राज्यातच होता.

राझींची एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते. बगदादच्या अजुदी रुग्णालयाची जागा निवडताना त्यांनी शहरात ठिकठिकाणी मांसाचे तुकडे टांगले आणि जेथे मांस सर्वात उशिरा नासले ती जागा पसंत केली, अशी ती गोष्ट. सुंदर आहे, पण ते रुग्णालय राझींच्या मृत्यूनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी उघडले. तेव्हा ती जशीच्या तशी खरी मानता येत नाही. राझींचा आदर करायचा तर त्यांच्याविषयीची गोष्टही पारखूनच घ्यावी!

त्यांच्या चुकाही झाकू नयेत. देवी आणि गोवर रक्ताला उकळी फुटल्याने होतात, अशी त्यांची समजूत होती. हे रोग एकापासून दुसऱ्याला लागतात, हे त्यांनी ओळखले नाही. विषाणू दिसण्याचे साधनच तेव्हा नव्हते. त्यांनी ज्यांची लक्षणे वेगळी केली त्या दोन रोगांपैकी देवी आज गेली आहे. गोवर गेलेला नाही.

पालकहो, हा भाग विशेषतः तुमच्यासाठी आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवरची साथ आली. गोवंडीच्या दाट वस्तीत तिचा मोठा जोर होता, आणि भिवंडी, मालेगाव येथेही रुग्ण आढळले. काही बालके दगावली. अनेकांची लस राहून गेली होती. गोवर अंगावर निघाला की बाहेर पडून जातो, तो प्रत्येक मुलाला येतोच, अशी समजूत अजून घराघरांत आहे. ही समजूत पारखून पाहा. गोवरचा विषाणू रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. संरक्षण नसलेल्यांमध्ये एक रुग्ण बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. न्यूमोनिया, जुलाब, कानाचा विकार, क्वचित मेंदूला सूज, आणि अ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या मुलांत अंधत्वही त्यातून येते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांचे रक्त गोवर होण्यापूर्वी आणि नंतर तपासले गेले. इतर रोगांशी लढण्यासाठी शरीराने साठवलेली प्रतिद्रव्ये ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत नष्ट झालेली आढळली. म्हणजे गोवर बरा झाला तरी मूल दुसऱ्या रोगांपुढे उघडे पडते.

गोवर-रुबेलाची लस सरकारी केंद्रांत मोफत मिळते. पहिला डोस ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. राहून गेला असेल तरी डॉक्टरांना विचारावे; उशिराही तो देता येतो. मुलाला ताप, खोकला, वाहणारे नाक, लाल डोळे आणि मग चेहऱ्यापासून खाली उतरणारे पुरळ दिसले तर घरी झाकून ठेवू नये, दवाखान्यात न्यावे. अ जीवनसत्त्वाचा डोस किती द्यायचा ते डॉक्टर ठरवतील. लशीविषयी शंका असेल तर ती मनात ठेवू नका. डॉक्टरांना, परिचारिकेला, आशाताईंना विचारा. शंका विचारणाऱ्यावर रागावण्याचे कारण नाही. राझींनी तर जालिनूसवर शंका घेतल्या. फक्त शंका घेऊन घरी बसू नये, उत्तर मिळेपर्यंत विचारावे आणि मिळालेल्या उत्तराप्रमाणे वागावे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या डॉक्टर होईल, कोणी परिचारिका, कोणी औषधनिर्माता. जे शिकाल ते आपल्या गल्लीतल्या निरक्षर आजीला तिच्या भाषेत सांगता आले, तर राझींचे काम तुम्ही पुढे नेलेत असे समजा.

आज घरी गेल्यावर आजीच्या दंडावरची खूण तर पाहाच. आणि कपाटात ठेवलेले धाकट्या भावंडाचे लसीकरणाचे कार्डही काढा. त्यातला गोवरचा दुसरा रकाना रिकामा असेल, तर तो भरून घेण्याची आठवण घरी तुम्हीच करून द्या.